आंबा बंद, मिसळ बंद, मग चालू काय?

(डॉक्टरबाईंना विचारा : वाचकांची पत्रं आणि उत्तरं)

या महिन्याची पत्रं एका बैठकीत वाचून काढली. पंचेचाळीस ते साठ या वयातल्या माणसाला रिपोर्टात एखादा आकडा ठळक छापलेला दिसला, की तो पहिल्यांदा आवडीचं काहीतरी बंद करून टाकतो. आकडा कशामुळे वाढला हे नंतर बघू. जे आवडतं तेच गुन्हेगार असणार, हा आपला जुना सात्त्विक समज. ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात रोज ऐकते तेच आता टपालानेही यायला लागलंय. पत्रं लांबलचक होती, ती आटोपशीर केली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. वय ५१, राहणार डोंबिवली, नोकरी फोर्टात. एप्रिलअखेर ऑफिसतर्फे तपासणी झाली. एचबीएवनसी ६.१, उपाशीपोटी साखर १०८. वजन ६८ किलो, उंची साडेपाच फुटांच्या वर एखादा इंच, म्हणजे लठ्ठ नाही. वडिलांना मधुमेह होता. माझा दिवस असा : सकाळी चहा-बिस्किटं, डब्यात पोळी-भाजी-भात, चारला चहा, सहाला पुन्हा कटिंग, उतरल्यावर कधीमधी वडापाव, साडेनऊला जेवण की लगेच आडवा. रिपोर्ट आला त्याच दिवशी हिने हापूसची पेटी नणंदेकडे पाठवली. घरात मुलं आमरस ओरपतात आणि माझ्यापुढे काकडी. मला आंबा खरंच वर्ज्य आहे का?

उत्तर : पेटी गेली ती गेली, आता नणंदेकडून परत मागू नका. पुढची आणा.

आधी आकडा समजून घेऊ. एचबीएवनसी ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह, आणि मधला पट्टा मधुमेहाच्या उंबरठ्याचा. तुम्ही उंबरठ्यावर आहात, उपाशीपोटीची १०८ हीदेखील तेच सांगते. आता गंमत बघा. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेल्या साखरेवरून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज देते. तुमची तपासणी झाली एप्रिलअखेर. म्हणजे हे ६.१ आले फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलमधून. तेव्हा तुमच्या घरात हापूसच्या पेट्या येत होत्या का? फेब्रुवारीतला भाव परवडत असेल तर तुमचा पगार माझ्या कल्पनेपेक्षा बराच बरा आहे. आंबा घरात आला तेव्हा गुन्हा होऊन गेला होता.

मग कोणी केला? तुमच्याच पत्रात लिहिलंय. दिवसाला तीन-चार चहा. टपरीवरचा आणि ऑफिसातला चहा गोड किती असतो हे तुम्ही जाणता, आणि त्याला बिस्किटांची जोड. डब्यात पोळीवर भात. उतरल्यावर वडापाव, म्हणजे मैद्यात बटाटा. शेवटी साडेनऊचं जेवण आणि लगेच अंथरूण. येऊनजाऊन तीन तास लोकलमध्ये, उरलेला दिवस खुर्चीत. हे सगळं वर्षभर, रविवार सोडून रोज चालतं, आणि आंबा येतो वर्षातले दोन महिने. पण चहा बंद करा म्हणून कुणी पेटी उचलून नेत नाही.

आंब्याचा हिशेब करू. मध्यम हापूसात साल-कोय वजा जाता दीडेकशे ग्रॅम गर निघतो. त्यात साखर साधारण वीस-बावीस ग्रॅम, म्हणजे चार-पाच चमचे. थोडी नाही, हे मान्य. पण तुमच्या दोन गोड चहा आणि चार बिस्किटांत यापेक्षा कमी नसते. तेव्हा एक आंबा खायचा. कापून, फोडी करून, कोय चोखायची तर चोखून. आणि तो कशाच्या तरी ऐवजी खायचा : चारच्या चहा-बिस्किटांऐवजी, किंवा ज्या दिवशी आंबा त्या दिवशी भात नाही. पोटभर जेवून वर ‘तोंड गोड’ करायला आंबा, ही पद्धत सोडा. आमरसाचं मात्र वेगळं. एका वाटीत दोन-तीन आंबे सहज जातात, आंबट निघाला तर वर साखर पडते, आणि रस कोणी नुसता पीत नाही, सोबत पुऱ्या येतात. अक्षय्य तृतीयेला एकदा खाल्लात तर मी काही घरी येऊन वाटी मोजणार नाही. रोजचा नको.

माझ्यावर विश्वास नसेल तर स्वतः बघा. शेजारी कोणाकडे तरी ग्लुकोमीटर असेलच. (सुई मात्र स्वतःची, नवी. दुसऱ्याची वापरायची नाही, टोचणारं पेनसुद्धा नाही.) आंबा खाण्याआधी एकदा आणि खाल्ल्यावर दोन तासांनी एकदा साखर बघा. दुसऱ्या दिवशी तेच वडापाव आणि कटिंगबाबत करा. दोन्ही कागद फ्रिजवर लावा आणि मग घरात काय ती चर्चा होऊ द्या.

आता ‘लठ्ठ नाही’ याबद्दल. तुमचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३.५ च्या आसपास येतो. गोऱ्या माणसाला चालतो, पण भारतीयांसाठी २३ पासूनच वजन जास्त धरतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. यडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. पण यडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! हात-पाय बारीक आणि चरबी पोटाशी, ही आपली सगळ्यांची ठेवण. तुम्ही शर्ट खोचून आरशाकडे बाजू करून उभे राहा, मी काय म्हणते ते दिसेल.

करायचं काय? रात्रीचं जेवण आठपर्यंत जमत नसेल तर निदान जेवल्यावर पंधरा मिनिटं चाला. जेवणानंतर स्नायू हलले की ते रक्तातली साखर थेट उचलतात, हा सर्वांत स्वस्त उपाय. शिवाय दिवसातून अर्धा तास भरभर. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी तुमच्यासारख्याच उंबरठ्यावरच्या लोकांचा अभ्यास केला होता, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. चालणं आणि आहार सुधारणं एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण अडीचेक वर्षांत २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि गोळीनेही जवळपास तेवढंच घटलं. गोळी लागेल की नाही ते तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांना हिमोग्लोबिनही बघायला सांगा, कारण अंगात लोह कमी असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवतो. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करा. तोवर हंगाम संपलेला असेल, म्हणजे आकडा सुधारला नाही तर आंब्याचं नाव घ्यायची सोय उरणार नाही.

वहिनींना नमस्कार सांगा. त्यांचा हेतू चांगला होता, नेम चुकला एवढंच.

प्रश्न : वय ५६, नाशिक. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. दवाखान्यात बीपी १५०/९६ निघालं म्हणून घरी मनगटावरचं यंत्र आणलं. दिवसातून आठ-दहा वेळा बघतो, वहीत लिहितो. कधी १२६/७८, कधी १५८/९४. वही पाहून बायको म्हणते, यंत्र गोदावरीत सोडून येते. नेमका आकडा कोणता धरू?

उत्तर : वहिनींचं बरोबर आहे, फक्त गोदावरीत नको, नदीला आधीच पुष्कळ सोसावं लागतं. मनगटाचं यंत्र बाजूला ठेवा आणि दंडाला पट्टा बांधायचं घ्या. तुमचा दंड जाड असेल तर पट्टा मोठ्या मापाचा मागा. आखूड पट्टा आकडा उगाच चढवून दाखवतो.

बँकेतला माणूस असून तुम्ही एंट्री भलत्या वेळी करता, असं मला वाटतंय. जिना चढून आल्यावर, चहा पिता पिता, बातम्यांवर चिडल्यावर, लघवी दाबून धरलेली असताना : या सगळ्या वेळी बीपी वाढलेलंच दिसणार. तो आजार नाही, शरीर आपलं काम करतंय. तेव्हा असं करा. सकाळी औषध आणि न्याहारीच्या आधी, बाथरूमला जाऊन या. अर्धा तास आधी चहा-तंबाखू काही नाही. पाठ टेकून खुर्चीत बसा, पाय जमिनीला, पायावर पाय नाही. उघडा दंड टेबलावर, छातीच्या उंचीला. पाच मिनिटं गप्प. मोजताना बोलायचं नाही, ‘किती आलं?’ असं बायकोलाही विचारायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. असंच रात्री. सात दिवस. पहिला दिवस सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. सरासरी तुम्हाला शिकवायला नको. घरची सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर बीपी आहे असं धरतात. दवाखान्यात हीच रेषा १४०/९० ची असते, कारण आम्हाला बघूनच काही लोकांचं चढतं.

सात दिवस झाले की वही डॉक्टरांकडे न्या आणि यंत्र कपाटात. यापुढे ते सांगतील तेव्हाच काढायचं.

मिठाचं एवढंच सांगते, की दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपण त्याच्या जवळजवळ दुप्पट खातो. तुम्ही आमटीतलं मीठ कमी कराल आणि शेजारी लोणचं, पापड आणि चिवडा तसाच ठेवाल, हे मला न बघता माहीत आहे. नाशिकचा चिवडा आवडीचा असेल तर मूठभर खा, पण त्या जेवणात पापड-लोणचं नाही.

प्रश्न : वय ४७, कोथरूड. शाळेत शिकवते. आठ-नऊ महिने पाळीचं वेळापत्रक बिघडलंय. कधी तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी, आणि आली की थांबत नाही. रात्री दोनच्या सुमारास अंगातून वाफा निघतात, गाऊन भिजतो, मग कुडकुडायला होतं. मी पंखा पाचवर करते, हे झोपेत उठून दोनवर आणतात. वर्गात फळ्याकडे तोंड करून घाम पुसते. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मैत्रिणीने पिशवी काढून टाकली, ती म्हणते सुटले एकदाची. मीही काढून टाकू का?

उत्तर : ताई, थांबा. पिशवी काढल्याने वाफा थांबत नाहीत. वाफा येतात त्या बीजकोशातून येणारं इस्ट्रोजेन कमी-जास्त व्हायला लागल्यामुळे. मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र त्यामुळे हळवं होतं आणि अगदी थोड्या फरकालाही घाम फोडून अंग गार करायला धावतं. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर आज ज्या थोड्या वाफा येतात त्या एका रात्रीत दुप्पट होतील, शिवाय हाडं आणि हृदय यांचं नुकसान वेगळं. तुमच्या मैत्रिणीला कदाचित मोठ्या गाठी असतील, तिचा निर्णय तिच्यासाठी बरोबर असेल. तुमच्याकडे अजून सोनोग्राफीचा रिपोर्टही नाही.

तेव्हा आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि या गोष्टी करून घ्या : हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी, आणि त्यांना गरज वाटली तर अस्तराचा तुकडा तपासणं. जास्त रक्तस्रावाला गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन आहे, बरंच काही आहे. शस्त्रक्रिया यादीत सगळ्यात शेवटी येते. कोणी पहिल्याच भेटीत ‘काढून टाकू’ म्हणालं, तर फी द्या, नमस्कार करा आणि दुसरं मत घ्या. आणि एक लक्षात ठेवा. पाळी सलग बारा महिने बंद राहून मग पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसलं, तर ते दाखवायचंच, लाजायचं नाही.

तुमचं वय लवकरचंही नाही. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय सेहेचाळीस-सत्तेचाळीसच आहे, पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. सासूबाईंच्या वेळीही हे सगळं होतं. फक्त तेव्हा पदराने घाम पुसून चुलीला दोष देता येत होता. आणि पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहणारच नाहीत, असं समजू नका. या समजाची फळं मी पाळण्यात घातलेली पाहिली आहेत.

वाफा फारच त्रास देत असतील, झोप उडत असेल, तर हार्मोनच्या उपचारांबद्दल मोकळेपणाने विचारा. या उपचारांची भीती बसली ती २००२ मध्ये, ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी चाचणीच्या निकालांनंतर. पण त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, तब्येत बाकी ठणठणीत असेल, तर गणित वेगळं असतं. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा आजार असं काही असलं तर मात्र हा रस्ता नाही, आणि हार्मोनशिवायची औषधंही आहेत. ऐकीव माहितीवर कोणतंही चूर्ण मागवू नका.

घरात काय करता येईल? सुती गाऊन, उशाशी दुसरा सुती गाऊन आणि पाण्याची बाटली. रात्री नऊनंतर कडक चहा नको. पंख्याचं भांडण सोडवायला न्यायाधीश लागत नाही : पंखा पाचवर राहील आणि यजमानांना एक जाड चादर मिळेल. त्यांना गारठा वाजला तर पांघरता येतं. तुम्हाला उकडलं तर कातडी काढून ठेवता येत नाही. हे वाक्य त्यांना वाचून दाखवा, माझं नाव सांगून.

प्रश्न : वय ४४. हॉटेलातलं मेनूकार्ड हात लांब केल्याशिवाय वाचता येत नाही. मुलगी हसते. डोळ्यांच्या व्यायामाने चष्मा टळेल का?

उत्तर : नाही. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, ते व्यायामाने मऊ होत नाही. चष्मा लावा. पण तो पदपथावरून उचलू नका. नेत्रतज्ज्ञांकडे जा, म्हणजे नंबराबरोबर डोळ्यातला दाबही तपासून होईल. काचबिंदू काही न सांगता येतो. मुलीला म्हणावं, तुझी अजून वीस-पंचवीस वर्षं आहेत, हसून घे.

प्रश्न : वय ५२, विरार ते चर्चगेट रोजचा प्रवास. तीन महिने उजवा खांदा धरलाय. ब्लाउजची हुकं मागे लावता येत नाहीत, केस बांधता येत नाहीत, गाडीत वरची कडी धरायला हात जात नाही. रात्री त्या कुशीवर वळले की जीव जातो. एका ओळखीच्यांनी मालीश करून हात ओढला, त्यानंतर दुखणं वाढलं. हात पूर्ण विश्रांतीला ठेवू का?

उत्तर : ओढणाऱ्यांकडे पुन्हा जायचं नाही. आणि हात गळ्यात बांधूनही ठेवायचा नाही.

वर्णनावरून हा फ्रोझन शोल्डर वाटतो, नक्की ते हाताने तपासल्यावर ठरेल. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते, ती सुजते आणि मग धुवून आटलेल्या ब्लाउजसारखी तंग होते. चाळीस ते साठ या वयात होतो, बायकांना जास्त, आणि मधुमेह किंवा थायरॉइड असलेल्यांना आणखी जास्त. म्हणून पहिलं काम : साखर आणि थायरॉइड तपासा. कितीतरी जणींचा मधुमेह मला खांद्यानेच कळवला आहे.

वाईट बातमी अशी, की हे एक ते तीन वर्षं चालू शकतं. आधी दुखतं, मग आखडतं, मग सैल होत जातं. चांगली बातमी, की बहुतेकींचा खांदा सुटतो. दुखण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन चांगलं काम करतं. साखर असेल तर ती काही दिवस वाढते, हे माहीत असू द्या. व्यायाम रोज, थोडा थोडा, गरम पाण्याने शेकल्यावर : ओट्याला डावा हात टेकून वाका आणि उजवा हात सैल सोडून हळू गोल फिरवा, भिंतीसमोर उभं राहून बोटं वर वर चढवत न्या, काल जिथे पोहोचली तिथे पेन्सिलीने खूण करा. दुखणं क्षणभर वाढलं तर चालेल, रात्रभर ठणकायला लागलं तर जास्त झालं. गाडीत कडी डाव्या हाताने. हुकं पुढे असलेले ब्लाउज शिवून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : वय ४९, ठाणेकरच. आम्ही सहा मित्र रविवारी पहाटे येऊरला चालायला जातो आणि परतताना मामलेदारची मिसळ. महिन्यातून दोन शनिवार बिअर. सोनोग्राफीत ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ निघालं, एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) ५२. मेडिकलवाल्याने लिव्हरचं सिरप दिलं. पँटचा नंबर कॉलेजपासून ३४ आहे. मिसळ सोडली तर ग्रुपही सुटेल.

उत्तर : मिसळ सोडू नका. मीही त्याच रांगेत उभी राहिलेली आहे, आणि मध्यमच घेते. तिथली तिखट हा शौर्याचा विषय आहे.

आठवड्यातल्या एका मिसळीने यकृतावर चरबी चढत नाही. त्यातली उसळ तर चांगलीच. चढते ती ‘तर्री अजून’ आणि ‘पाव अजून दोन’ यांनी, आणि सोमवार ते शनिवार जे चालतं त्याने. तुम्ही रविवारबद्दल मला पानभर लिहिलंय आणि बाकीच्या सहा दिवसांबद्दल अवाक्षर नाही, याची मी नोंद घेतली आहे. मिसळीबरोबर दोन पाव, तिसरा नाही. आणि येऊर रविवारपुरतं ठेवू नका. आठवड्याला दीडशे मिनिटं भरली पाहिजेत. तलावपाळीला दोन-तीन फेऱ्या रोज संध्याकाळी घाला. थांबून गप्पा मारायच्या नाहीत, तिथे तीच मोठी अडचण आहे.

पँटच्या नंबरावर जाऊ नका. पोट वाढलं की पुरुष पँट पोटाखाली सरकवतात आणि नंबर तोच राहतो. शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांना ८०. वजन सात ते दहा टक्क्यांनी उतरवलं तर यकृतातली चरबी आणि सूज बऱ्याच जणांत मागे फिरते. सिरपने ती उतरते याला पुरावा नाही. त्या पैशांत बिनसाखरेची काळी कॉफी प्या, यकृताच्या बाबतीत तिच्या बाजूने पुरावा बरा आहे. बिअरला मात्र निदान एसजीपीटी जागेवर येईपर्यंत सुट्टी. हिपॅटायटिस बी आणि सी एकदा तपासून घ्या. डॉक्टरांना ‘फिब-फोर’ काढायला सांगा; वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून यकृतात कडकपणा आलाय का याचा अंदाज येतो, वेगळा खर्च नाही.

मित्रांनाही टेप लावा. तुम्ही एकटे नसणार.

प्रश्न : वय ५३, नागपूर. लहानपणापासून पोहायला शिकायचं होतं, राहून गेलं. मुलं आता बाहेरगावी. गुडघे थोडे दुखतात. पालिकेच्या तलावावर बायकांची सकाळची बॅच आहे. मुलगा फोनवर म्हणाला, आई, या वयात? कपड्यांचाही संकोच वाटतो. जाऊ का?

उत्तर : जा. इतक्या पत्रांत ‘काय सुरू करू’ असं विचारणारं हे एकच पत्र आहे, त्यामुळे तुम्हाला माझ्याकडून सवलत.

पोहणं गुडघ्यांना मानवतं, कारण पाण्यात अंगाचा भार त्यांच्यावर पडत नाही. त्याच कारणामुळे हाडांना मात्र त्याचा फारसा उपयोग नाही, तेव्हा चालणं सोडू नका आणि आठवड्यातून दोनदा थोडं वजन उचला. पाण्याच्या एक-एक लिटरच्या बाटल्याही चालतील. जाण्याआधी बीपी बघून घ्या. छातीत दुखणं, चक्कर, फिट असं काही कधी झालं असेल तर डॉक्टरांना विचारूनच उतरा. कानाला भोक पडलंय असं कोणी पूर्वी सांगितलं असेल तर कान दाखवा.

पहिले काही दिवस हातपाय मारायची घाई करू नका. कठडा धरून तोंड पाण्यात घाला आणि नाकातोंडाने बुडबुडे सोडत श्वास बाहेर टाका. मोठ्या वयात शिकणाऱ्यांची सगळी अडचण इथेच असते. ते श्वास धरून ठेवतात, अंग ताठ करतात आणि मग बुडल्यासारखं वाटतं. श्वास सोडता आला की तरंगणं येतं, आणि तरंगणं आलं की पुढचं शिकवणारी बाई बघून घेईल. तिला पहिल्याच दिवशी सांगा, मला भीती वाटते. लपवू नका.

कपड्यांचं : गुडघ्यापर्यंतचे, लांब बाह्यांचे पोहण्याचे पोशाख आता सहज मिळतात. सुती पंजाबी ड्रेसवर मात्र उतरू नका, तो भिजून जड होतो आणि पायात येतो. टोपी, गॉगल घ्या. पाण्यात जाण्याआधी अंगाला खोबरेल तेल चोपडू नका, तलावावरचे लोक रागावतात. नंतर अंघोळ करून लावा.

मुलगा दिवाळीला येईल तेव्हा त्याला तलावावर घेऊन जा. आणि उन्हाळ्याच्या बॅच लवकर भरतात, तेव्हा हे वाचून झालं की फॉर्म आणायला निघा. फिटनेसचा दाखला मागतील, तो तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडून आधीच घेऊन ठेवा.